बिनजोखमीचे जामीनदार

(पक्षाच्या कार्यकर्त्यांसाठी भरलेल्या अभ्यासवर्गातील भाषणाचा हा लेखी मजकूर. – संपादक)



शेतमालाचे भाव, कामगार संहिता आणि शिक्षणाचे खासगीकरण या विषयांच्या पंक्तीत 'तंत्रज्ञान कंपन्यांचे नामांकित सदिच्छादूत' हा विषय पाहून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. कोणता नट कोणत्या कंपनीचा फोन हातात धरतो, कोणता क्रिकेटपटू कोणत्या अ‍ॅपची शिफारस करतो, याच्याशी समाजवादी कार्यकर्त्याला काय कर्तव्य आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत मलाही तसेच वाटत होते. माझे मत बदलले ते एका इस्त्रीच्या टपरीवर.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गृहस्थ इस्त्रीचे काम करतात. करोनाच्या साथीत शाळा बंद असताना त्यांनी मुलीसाठी एका कंपनीचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. घरी आलेल्या विक्रेत्याने चार-पाच ठिकाणी सह्या घेतल्या. त्यांतील एक सही कर्जाच्या कागदावर होती, हे खात्यातून पहिला हप्ता वळता झाला तेव्हा त्यांना कळले. मुलीचे मन त्या अभ्यासक्रमात रमले नाही. पुढे शाळा सुरू झाली, अभ्यासक्रम बंद करण्यासाठी त्यांनी केलेल्या फोनना दाद मिळाली नाही आणि हप्ते मात्र चालू राहिले. प्राध्यापकी सवयीने मी त्यांना विचारले, "सही करण्याआधी चौकशी का केली नाहीत?" ते शांतपणे म्हणाले, "सर, मी चौकशी कुणाकडं करणार? जाहिरातीत एवढा मोठा माणूस होता. तो आपलं नाव उगीच पणाला लावील का?"

मी निरुत्तर झालो. त्यांच्या बोलण्यात भोळेपणा नव्हता. जो सिद्धांत मी वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर मांडत आलो, तोच त्यांनी एका वाक्यात सांगितला होता. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० ते १९७४ या काळात तो मांडला. काही वस्तूंची पारख पाहून होते, काहींची वापरल्यावरच होते. दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंच्या जाहिरातीत काय सांगितले जाते याला फारसे महत्त्व नाही. ती जाहिरात खर्चिक आहे, हीच त्यातील खरी माहिती. कारण माल वाईट असेल तर ग्राहक दुसऱ्यांदा येणार नाही आणि खर्च बुडेल. म्हणून जो उत्पादक एवढा पैसा ओततो, त्याचा आपल्या मालावर विश्वास असला पाहिजे, असा ग्राहकाने तर्क करावा, आणि तो तर्क वाजवी आहे, असे हा सिद्धांत म्हणतो.

आपल्या भाषेत यालाच जामीन म्हणतात. गावातील सोसायटीत किंवा पतसंस्थेत कर्ज काढणाऱ्याची पत सर्वांना ठाऊक नसते, जामीनदाराची असते. कर्ज थकले तर जामीनदाराच्या दारी नोटीस येते. म्हणून तो सही करण्याआधी चार वेळा विचार करतो, आणि म्हणूनच त्याच्या सहीला किंमत असते. आमच्या इस्त्रीवाल्या गृहस्थांनी त्या जाहिरातीतील चेहऱ्याकडे जामीनदार म्हणूनच पाहिले होते. आज मला एवढेच सांगायचे आहे की तंत्रज्ञानाच्या बाजारातील हा सदिच्छादूत जामीनदारासारखा दिसतो, जामीनदाराचा मोबदला घेतो, पण जोखीम मात्र कसलीही उचलत नाही. ती जोखीम ज्याने त्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्याच माथी येते.

प्रसिद्ध व्यक्तीने मालाची शिफारस करावी ही प्रथा नवी नाही. १९४१ साली लीला चिटणीस यांचा चेहरा लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकला, तेव्हा हिंदी चित्रपटसृष्टीतील तारकांची एक परंपराच सुरू झाली. खुद्द रवींद्रनाथांनी गोदरेजच्या देशी साबणाची भलामण केली होती, आणि तीमागे स्वदेशीची प्रेरणा होती. परंतु साबण ही आठवड्याभरात पारखता येणारी वस्तू आहे. अंगाला खाज सुटली तर तारकेच्या सौंदर्याची मातब्बरी उरत नाही. पुढच्या महिन्यात घरात दुसरी वडी येते. तेथे नेल्सन यांचा सिद्धांत बऱ्याच अंशी लागू पडतो.

तंत्रज्ञानाच्या मालाची गोष्ट निराळी आहे. फोनच्या आत कोणता सुटा भाग बसवला आहे, अ‍ॅप आपली कोणती माहिती कोणाला पुरवते, कर्जाच्या करारातील बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, हे सामान्य ग्राहकाला विकत घेण्यापूर्वी कळत नाही, आणि पुष्कळदा घेतल्यानंतरही कळत नाही. शिक्षणाच्या अ‍ॅपमुळे मुलाला गणित समजले की नाही, हे वर्ष-दोन वर्षांनी ध्यानात येते, आणि समजले नाही तर दोष मुलाच्याच माथी मारला जातो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की विक्रेत्याला सारे ठाऊक आणि ग्राहकाला काहीच ठाऊक नाही अशा बाजारात चांगला माल मागे पडतो व वाईट माल उरतो. हे टाळायचे तर कोणीतरी विश्वासार्ह हमी द्यावी लागते. ती हमी शासनाची तपासणी देऊ शकते, स्वतंत्र ग्राहकसंस्था देऊ शकते, शाळेतील शिक्षक देऊ शकतो. जेथे यांपैकी कोणीच उभे नसते, तेथे भाड्याने घेतलेला चेहरा उभा केला जातो.

हा चेहरा केवळ चेहरा वाटू नये याचीही तजवीज केली जाते. जानेवारी २०१३ मध्ये ब्लॅकबेरी कंपनीने नवा फोन बाजारात आणताना गायिका अलिशा कीज यांना 'जागतिक सर्जनशील संचालक' असे पद बहाल केले. महिनाभरात त्यांच्या खात्यावरून प्रतिस्पर्धी आयफोनवरून पाठवलेला संदेश प्रसिद्ध झाला. खात्यात कोणीतरी घुसखोरी केली असा खुलासा त्यांनी केला. वर्षभराने हे पद संपुष्टात आले. त्याच वर्षी लेनोव्हो कंपनीने अ‍ॅश्टन कुचर या अभिनेत्याला 'उत्पादन अभियंता' म्हणून नेमल्याचे जाहीर केले. गंमत म्हणून आपण हे सोडून देऊ. पण अभियंता ही पदवी का द्यावी लागली, याचा विचार करा. 'मी हे वापरतो' एवढे म्हणणे पुरेनासे झाले. 'मी हे घडवले आहे' असा भास निर्माण करणे गरजेचे झाले. ज्ञानाचा अभाव प्रसिद्धीने भरून काढायचा, आणि प्रसिद्धीला ज्ञानाची वस्त्रे नेसवायची, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

आता आपल्या देशातील एक उदाहरण विस्ताराने पाहू. बायजूज या बंगळुरूच्या शिक्षण-तंत्रज्ञान कंपनीने २०१७ साली शाहरुख खान यांना सदिच्छादूत नेमले. २०१९ साली भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर तिचे नाव आले. २०२२ मध्ये गुंतवणूकदारांनी तिचे मूल्य २२ अब्ज डॉलर ठरवले आणि कतारमधील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेची ती पुरस्कर्ती झाली. त्याच सप्टेंबरात, फार उशिराने, २०२०-२१ चे हिशेब प्रसिद्ध झाले. तोटा होता सुमारे ४,५८८ कोटी रुपयांचा. ऑक्टोबरमध्ये सुमारे २,५०० कर्मचाऱ्यांना कमी करण्याचा निर्णय जाहीर झाला. आणि महिना उलटण्यापूर्वी, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, 'सर्वांसाठी शिक्षण' या कंपनीच्या उपक्रमाचे जागतिक सदिच्छादूत म्हणून लिओनेल मेस्सी यांच्या नावाची घोषणा झाली. डिसेंबरमध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने कंपनीच्या प्रमुखांना पाचारण केले. पालकांना गळ घालून अभ्यासक्रम विकले जातात आणि त्यासाठी त्यांना कर्जाच्या करारांत अडकवले जाते, अशा तक्रारी होत्या. जुलै २०२४ मध्ये सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीपोटी क्रिकेट मंडळाने केलेल्या अर्जावरून कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली गेली.

नेल्सन यांचा सिद्धांत येथे का कोसळला? त्याला तीन अटींचा आधार लागतो. पहिली, जाहिरातीत ओतलेला पैसा उत्पादकाच्या स्वतःच्या मिळकतीतला असावा. येथे तो जगभरच्या गुंतवणूक निधींकडून आलेला होता. नफा नंतर पाहू, आधी बाजारपेठ व्यापा, अशा भांडवलाला चेहरा हवा असतो तो ग्राहकापेक्षाही पुढच्या गुंतवणूकदारावर छाप पाडण्यासाठी. दुसरी अट, ग्राहकाने पुन्हा पुन्हा खरेदी करावी. येथे दोन-तीन वर्षांची रक्कम एकदम वसूल होते. कंपनीला पैसे मिळतात आणि पालक वित्तसंस्थेचा ऋणको होऊन बसतो. माल वाईट निघाला म्हणून दुसऱ्यांदा न येण्याचे त्याचे एकमेव शस्त्रच काढून घेतलेले असते. तिसरी अट, ज्याचे नाव पुढे केले त्याला काही गमवावे लागण्याची भीती असावी. येथे करार मुदतीचा असतो. मुदत संपली की चेहरा दुसऱ्या उत्पादनाकडे जातो. तीनही अटी तुटल्या आहेत. तरीही विश्वास मात्र जुन्याच हिशेबाने ठेवला जातो, कारण अटी तुटल्या हे ग्राहकाला कोणी सांगितलेलेच नसते.

क्रिकेट संघाच्या जर्सीकडे पाहा. २०१७ मध्ये तिच्यावर एका फोन कंपनीचे नाव होते, २०१९ मध्ये शिकवणीच्या अ‍ॅपचे आले, २०२३ मध्ये पैसे लावून खेळायच्या ड्रीम इलेव्हनचे. याच ड्रीम इलेव्हनने २०१८ साली महेंद्रसिंग धोनी यांना सदिच्छादूत केले होते. २०२० साली सचिन तेंडुलकर अशाच दुसऱ्या खेळ-कंपनीचे सदिच्छादूत झाले, आणि ३१ ऑगस्ट २०२३ रोजी तत्कालीन आमदार बच्चू कडू यांनी त्यांच्या वांद्र्याच्या घरासमोर निदर्शने केली. भारतरत्न मिळालेल्या माणसाने हे करावे काय, असा त्यांचा सवाल होता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा संमत केला आणि अशा खेळांच्या जाहिरातीसाठीही दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड ठेवला. ड्रीम इलेव्हनचे नाव जर्सीवरून उतरले. कालपर्यंत जे राष्ट्राच्या छातीवर मिरवत होते ते एका अधिवेशनात गुन्हा ठरले. मधल्या वर्षांत ज्या तरुणांनी पगार घालवला, त्यांना भरपाई देण्याची जबाबदारी कोणत्याही सदिच्छादूतावर आली नाही.

येथे कामगारांचा प्रश्नही निगडित आहे. २०१४ च्या ऑस्कर समारंभात सूत्रसंचालिका एलेन डीजेनेरेस यांनी सॅमसंगच्या फोनने नटनट्यांचे एकत्रित छायाचित्र काढवले आणि ते जगभर पसरले. कंपनी त्या प्रक्षेपणाची मोठी जाहिरातदार होती. त्याच रात्री पडद्यामागून याच बाई आयफोन वापरत होत्या, हेही लोकांच्या नजरेस आले. आता तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथे या. तेथे सॅमसंगच्या शीतकपाटे व धुलाईयंत्रे बनवणाऱ्या कारखान्यातील हजारांहून अधिक कामगार सप्टेंबर २०२४ मध्ये संपावर गेले आणि महिनाभराहून अधिक काळ ठाम राहिले. मुख्य मागणी होती संघटनेच्या मान्यतेची. संघटनेच्या नावात 'सॅमसंग' हा शब्द असण्यासच कंपनीने हरकत घेतली. अखेर जानेवारी २०२५ मध्ये संघटनेची नोंदणी झाली. जो वस्तू बनवत नाही त्याने कंपनीचे नाव उच्चारावे म्हणून त्याला मोबदला द्यायचा, आणि जो ती बनवतो त्याला ते नाव लावण्यास मज्जाव करायचा! भांडवलशाहीतील 'नाव' या वस्तूचे इतके नेमके दर्शन क्वचितच घडते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळून चालणार नाही. कलावंताची वा खेळाडूची उमेद दहा-पंधरा वर्षांची. त्या काळात त्याने कमाई केली तर बिघडले कोठे? शिवाय फोनच्या आतले त्याला तरी काय समजणार? माझे उत्तर असे की त्याच्या कमाईबद्दल माझी तक्रार नाही. पण जे समजत नाही त्याची हमी देऊ नये, हा साधा नियम आपण गावच्या जामीनदाराला लावतो, तोच त्यालाही लावला पाहिजे. आणि प्रसिद्धी ही निव्वळ व्यक्तीची मिळकत नसते. सार्वजनिक मैदाने, प्रशिक्षक, सहकारी, तिकिटाच्या खिडकीपुढे उभे राहिलेले लक्षावधी प्रेक्षक, यांनी मिळून ती घडवलेली असते. समाजाने प्रेमाने साठवलेली ही ठेव समाजाच्याच विरुद्ध वापरली जाते, तेव्हा तिच्या विनियोगावर समाजाचा अधिकार आहे.

कायद्याने हा अधिकार अर्धवट मान्य केला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या २१व्या कलमानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत, पुन्हा गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि एक वर्षापर्यंत, पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत, शिफारशी करण्यास बंदी घालता येते. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी, शिफारस करणाऱ्याला पुरेशी माहिती वा अनुभव असावा, असेही म्हटले. परंतु 'योग्य ती काळजी घेतली होती' असे दाखवले की सुटका होते, आणि काळजी घेतल्याचा कागद कंपनीचे वकीलच तयार करून देतात. शिवाय कोट्यवधींच्या व्यवहारात दहा लाखांचा दंड म्हणजे व्यवसायाचा किरकोळ खर्च. राजदूताला परक्या देशात कायद्यापासून संरक्षण असते. कंपन्यांनी 'अ‍ॅम्बॅसडर' हा शब्द निवडला तो बहुधा नकळत, पण अगदी यथार्थ!

मी तुरुंगवासाचा आग्रह धरणारा नाही. माझ्या तीन सूचना आहेत. एक, जाहिरात दिशाभूल करणारी ठरली तर त्या कराराचे संपूर्ण मानधन जप्त होऊन फसलेल्या ग्राहकांच्या भरपाईत जमा व्हावे. जामीनदाराला जामीनदारासारखेच वागवा. मग तो सही करण्याआधी आपणहून चौकशी करील. दोन, मुलांचे शिक्षण आणि कर्ज ही दोन क्षेत्रे नामांकितांच्या शिफारशींपासून मुक्त ठेवावीत, आणि कर्जावर विकलेला अभ्यासक्रम ठराविक मुदतीत रद्द करण्याचा, कर्जासह रद्द करण्याचा, अधिकार पालकाला मिळावा. तीन, मानधनाचा आकडा उघड करणे सक्तीचे व्हावे. कारखान्यातील मालाची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक नसावी, असे डॉ. लोहियांनी मांडले होते. आज त्या मागणीचा उच्चार केला की लोक हसतात. पण फोनच्या किमतीत कामगाराच्या वेतनाचा वाटा किती आणि चेहऱ्याच्या भाड्याचा किती, हे विचारण्यात हसण्यासारखे काय आहे?

आणि चौथी गोष्ट सरकारला सांगायची नाही, आपल्याला सांगायची आहे. १९७२ साली मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी महागाईविरोधात लाटणे मोर्चे काढले, तेव्हा ग्राहकाचा प्रश्न हा कष्टकऱ्यांचाच प्रश्न आहे हे त्यांनी मुंबईच्या रस्त्यावर सिद्ध केले. नंतरच्या काळात आपण तो प्रश्न मध्यमवर्गीयांचा म्हणून सोडून दिला. आज पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे विनाशुल्क दाखल करता येते, वकील देण्याची सक्ती नाही, १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय साहाय्यवाहिनी आहे. आपल्या किती शाखांमध्ये हे सांगणारा माणूस आठवड्यातून एक संध्याकाळ बसतो? कराराचा कागद घेऊन आलेल्या बाईला, सही करण्याआधी, तो वाचून दाखवणारा कार्यकर्ता आपल्याकडे आहे काय?

माझ्या मनाला टोचणारे वाक्य 'एवढा मोठा माणूस होता' हे नाही. त्याआधीचे आहे: 'मी चौकशी कुणाकडं करणार?' त्या टपरीपासून माझे घर शंभर पावलांवर आहे. अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून सारी गल्ली मला ओळखते. आपल्या पक्षाची शाखाही तेथून फार लांब नाही. तरीही सही करण्याच्या दिवशी त्या गृहस्थांना विचारण्याजोगा माणूस म्हणून आम्हा दोघांपैकी कोणीही आठवले नाही. आठवला तो पडद्यावरचा. ही जागा कंपनीने आपल्याकडून हिसकावून घेतलेली नाही. ती रिकामी होती.

त्यांचे हप्ते आता फिटले आहेत. मुलगी यंदा दहावीला आहे आणि संध्याकाळी गणिताची वही घेऊन माझ्याकडे येते. यात माझे कौतुक करण्यासारखे काही नाही. हे तीन वर्षे आधी व्हायला हवे होते.